लीलाधर मास्तरांचा आठ दिवसांचा मुक्काम

इंग्रज देश सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली होती. जाताना इंग्रजीचा पेपर मात्र तो मागेच विसरला, आणि तो नेमका सुमनबाईंच्या वाट्याला आला. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन त्या चोपड्यापासून दोन कोसांवरच्या या केळी-कापसाच्या घरात सून म्हणून आल्या होत्या. नंतर दोनदा एस.एस.सी.ला बसल्या. दोन्ही वेळा बाकीचे सगळे विषय सुटले आणि इंग्रजी तेवढं राहिलं. तेव्हा सासरे निंबाआबांनी हिशेब सरळ करून टाकला.

"तीन डाव बस बेटा. चौथा डावले नाव काढू नको."

पास झाल्या तर चोपड्याला मुलींच्या शाळेत बाईंची जागा त्यांच्यासाठी ठेवली होती. नापास झाल्या तर चूल ठेवलेलीच होती, तिला अर्ज लागत नव्हता.

आबा माणूस मनाचा मोठा. सून हुशार आहे हे ते चारचौघांत सांगत. घरात सांगायची त्यांना सवय नव्हती, इतकंच. पौषात ते धुळ्याजवळच्या देवपूरला एका बारशाला गेले आणि येताना आहेराच्या टोपीबरोबर एक मास्तरही घेऊन आले. लीलाधर मास्तर. तीस वर्षं इंग्रजी शिकवून सेवानिवृत्त झालेले, काळा कोट, काळी छत्री, आणि जेवणाच्या बाबतीत कुठलाही रंग चालणारे.

"आठ दिवसांत बाईंची क्रियापदं पक्की करून देतो," ते आल्या आल्या म्हणाले. फाल्गुन लागला तरी ते आठ दिवस संपले नव्हते.

दोष मास्तरांचा म्हणावा तर घरातलं शास्त्र आडवं येई. पाहुण्याने 'निघतो' म्हणायचं, यजमानाने 'थांबा' म्हणायचं. पाहुण्याने पुन्हा 'निघतो', यजमानाने पुन्हा 'थांबा'. तिसऱ्या खेपेला पाहुण्याने जोडे घालायचे, घरच्या बाईने शिदोरी बांधून हातात द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी सुटलो म्हणायचं. हातात पडलेल्या शिदोरीची गाठ वाटेवरच सोडायची. घरात सोडली तर अन्नपूर्णा रुसते, असं आबांच्या पत्नी धुरपदाबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. त्यामुळे शिदोरी मिळाली की परतीचं दार बंद. एवढं त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मास्तरांनाही कळत होतं. म्हणूनच ते पहिल्याच 'थांबा'ला थांबत.

दर सोमवारी चहा झाला की ते छत्री काखेत मारून अंगणात उभे राहत. "आबा, आता निघावं म्हणतो."

"थांबा हो मास्तर, काय घाई शे?"

"बरं, तुमचा आग्रह मोडवत नाही." आणि छत्री खुंटीवर परत.

असे नऊ सोमवार झाले. आबांनाही आतून कंटाळा आला होता, पण त्यांच्या वडिलांच्या घरातून पहिल्या शब्दाला कुणी पाहुणा गेला नव्हता, आणि ती परंपरा आपल्या हातून बुडावी हे त्यांना मरणापेक्षा जड वाटे. सुमनबाईंचे यजमान चुडामणभाऊ केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला गेलेले. त्यांचं कार्ड यायचं: मास्तरांना काही कमी पडू देऊ नये. काही कमी पडत नव्हतं.

शिकवणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चाले, कारण वास तिथून चांगला येई. पेपरात दर साली एक हमखास प्रश्न असे: राहण्या-टिकण्याच्या क्रियापदांतला फरक सांगा आणि वाक्यं करा. सुमनबाई दोनदा आपटल्या त्या इथेच. आपल्याकडे माणूस राहतो म्हटलं की विषय मिटला. इंग्रजाला तो कसा राहतो, किती राहतो, कुणाच्या मनाविरुद्ध राहतो, याची सगळी चौकशी लागते.

"स्टे म्हणजे तात्पुरतं राहणं," पाटावर मांडी घालून मास्तर सांगत. "पाहुणा राहतो तसं. जायचं ठरलेलं असतं."

"आणि ठरूनही गेला नाही तर?" सुमनबाईंनी तव्यावरून मान न वळवता विचारलं.

"तर लिंगर. रेंगाळणं. वेळ संपली, कारण संपलं, तरी पाय निघत नाही."

"उदाहरण द्या ना, सर."

मास्तरांनी बराच विचार केला. घराकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, खुंटीवरच्या छत्रीकडेही पाहिलं. "आत्ता काही सुचत नाही," ते म्हणाले. "तुपाचं भांडं जरा इकडे सरकवा."

लास्ट मात्र त्यांनी झटकन दाखवलं. टोपलीतली दुधात भिजवलेली दशमी उचलली. "ही बघा. भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते, ही चार दिवस टिकते. म्हणजे लास्ट करते." धुरपदाबाईंना ही गोष्ट इंग्रजीशिवाय चाळीस वर्षं माहीत होती. कंटिन्यू आणि पर्सिस्ट यांत सुमनबाई गोंधळत. "नुसतं चालू राहणं ते कंटिन्यू," मास्तर म्हणाले. "औषध देऊनही ताप उतरत नाही, तेव्हा तो पर्सिस्ट करतो. समोरून विरोध पाहिजे. विरोध नसेल तर पर्सिस्टला अर्थ नाही."

एकदा एन्ड्युअर आलं. सुमनबाई कणीक मळता मळता पाठ करत होत्या, सोसणं, सोसून टिकणं. धुरपदाबाई जात्यापाशी सुजलेली मनगटं चोळत बसल्या होत्या.

"हाऊ शबद काय शे?" त्यांनी विचारलं. सुनेने अर्थ सांगितला.

"हाऊ मन्हा," धुरपदाबाई म्हणाल्या, शब्द आपल्या नावावर केला आणि पुन्हा दळायला लागल्या.

रिमेनच्या दिवशी मास्तरांनी तूप मागितलं नाही. "बाकीचे जातात आणि एक उरतो, ते रिमेन," ते म्हणाले. मग कुणी न विचारता बोलत राहिले. देवपूरला घर आहे. खोल्या सहा. मुलगे मुंबईला. बायको जाऊन चार वर्षं झाली. इतक्या आठवड्यांत त्यांना एक पत्र आलं नव्हतं हे सुमनबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पोळी एक जास्त वाढली. पुढच्या सोमवारी मास्तर आणखी मनापासून थांबले.

मग परीक्षेचा आठवडा आला. केंद्र जळगाव, उतरायला मंजुळामावशीचं घर, इंग्रजीचा पेपर मंगळवारी. रविवारी दुपारी सुमनबाईंनी पत्र्याची ट्रंक खाली काढली, आणि धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"पाव्हना घरमा शे आनि बहू परीक्षाले जाई? गाव काय म्हनी? मन्हा हातनी पोळी लाटाती नही."

आबांनी डोकं खाजवलं आणि न्याय करायला मास्तरांनाच बसवलं. "तुम्हीच सांगा मास्तर. तुम्ही शिकेल मानूस."

लीलाधर मास्तरांनी डोळे मिटले. जेवण नुकतंच झालं होतं. त्या दिवशी मांडे होते. "परीक्षा काय, ऑक्टोबरातही असते," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर बाईंचं लिंगर अजून कच्चं आहे. तोवर मी आहेच."

आबांचा जीव भांड्यात पडला. सुमनबाईंनी मनात हिशेब केला. फॉर्म भरलेला होता, आणि आबांच्या लेखी भरलेला फॉर्म म्हणजे खेळलेला डाव. तिसरा. ज्या माणसाला त्यांना परीक्षेला बसवायला आणलं, त्याला वाढायचं म्हणून त्यांनी परीक्षेला बसायचं नाही, आणि हा निकाल त्यानेच दिलेला! त्यांना इतका संताप आला की नऊही आठवड्यांचं तूप त्या माणसाच्या काळ्या कोटावर ओतावंसं वाटलं. पण आबांपुढे उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती. त्या आत गेल्या आणि पीठ चाळायला बसल्या.

दिवेलागणीला धुरपदाबाई आत आल्या तेव्हा सुनेने दशम्यांची चळत रचली होती. तिळाची चटणी कुटून झाली होती, आणि दोन स्वच्छ फडकी पसरलेली होती.

"दोन कोन्या?" त्यांनी विचारलं.

"एक माझी, अक्का. मी सकाळी कापसाच्या गाडीने जाते आहे. आबा रागावले तर रागावू देत, परत आले की पाया पडेन." सुमनबाईंचा हात दशम्या मोजत होता. "तीनदा बस म्हणाले होते. बसायचंच आहे मला."

"आनि दुसरी?"

सुमनबाईंनी ते फडकं नुसतं पुढे सरकवलं. दुसरं फडकं कुणासाठी हे त्यांना माहीत होतं, पण पाहुण्याच्या हातात शिदोरी देण्याचा मान घरच्या मोठ्या बाईचा. सुनेने दिली असती तर तो अपमान ठरला असता, आणि बदनामी पिढ्यानपिढ्या पुरली असती.

धुरपदाबाई खाली बसल्या. सुजलेल्या हातांनी त्यांनी दुसऱ्या फडक्यात आठ दशम्या मांडल्या, चटणीची पुरचुंडी ठेवली आणि गाठ मारली. गाठ सैल वाटली म्हणून दातांनी ओढून आणखी आवळली.

सकाळ सोमवारची होती. अंगणात कापसाची गाडी जुंपून तयार. मास्तरांनी चहा घेतला, छत्री काखेत मारली आणि नेहमीच्या जागी उभे राहिले. नऊ सोमवारांच्या सरावाने वाक्याला आता चांगली लय आली होती.

"आबा, आता निघावं म्हणतो."

आबांनी तोंड उघडलं. "थां..."

तोवर धुरपदाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या होत्या. त्यांनी शिदोरी मास्तरांच्या दोन्ही हातांत ठेवली, वर नारळ ठेवला आणि पदर सावरून म्हणाल्या, "सुखरूप जा मास्तर. पुन्हा या."

मास्तर शिदोरीकडे असे बघत राहिले, जणू कुणी तान्हं मूल हातात दिलंय आणि आई निघून गेली आहे. "पण... आबा काहीतरी म्हणत होते," ते म्हणाले.

आबांचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी शिदोरी पाहिली, गाठ पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला. पाहुण्याला थांबवावं तर शिदोरी घरात सुटणार. न थांबवावं तर बापाचं नाव बुडणार. शेवटी अन्नपूर्णा बापापेक्षा मोठी ठरली.

"थांबा, म्हनत व्हतू," ते म्हणाले, "गाडीमा कडबा टाकू द्या. बठाले मऊ लागी."

"आनि हाई बी जाई. जळगावले," धुरपदाबाई म्हणाल्या. सुमनबाई ट्रंक घेऊन आधीच गाडीत चढल्या होत्या.

गाडीत खायला काही नव्हतं, कारण शिदोरी एवढ्या लवकर सोडणं बरं दिसलं नसतं. त्यामुळे चोपड्यापर्यंतच्या दोन कोसांत लीलाधर मास्तरांनी नऊ आठवड्यांत शिकवलं नव्हतं तेवढं शिकवलं. उदाहरणंही भराभर सुचत होती. शिक्षक चांगला होता, यात शंकाच नाही. फक्त त्याला उपाशी ठेवायला हवं होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मोटार स्टँडवर त्यांनी शिदोरी सोडून दशम्या मोजल्या. "आठ. चार दिवस पुरतील," ते हळूच म्हणाले, आणि मग जळगावच्या मोटारीशी येऊन खिडकीत वाकले. "लिंगरवर लिहाल, ते ठाऊक आहे. लिहा. पण रिमेनचं वाक्य नीट करा, बाई." त्यांची धुळ्याची मोटार दुसऱ्या बाजूला उभी होती. ते सावकाश तिकडे गेले.

प्रश्न आला. लिंगरला सुमनबाईंनी छत्री घातली. पर्सिस्टला स्वतःला घातलं. एन्ड्युअरला सासूला. रिमेनचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा सहा खोल्यांचं घर लिहिलं. ते लिहिताना डोळे भरून आले म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत एक्केचाळीस. आबांनी गावभर पेढे वाटले आणि मास्तर आपणच शोधून आणला होता असं घरोघर सांगितलं. सुमनबाई चोपड्याच्या शाळेत रुजू झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात देवपूरहून कार्ड आलं. शिष्येचं अभिनंदन प्रत्यक्ष येऊन करावं म्हणतो, आठ दिवस राहीन, लीलाधर.

सुमनबाईंनी ते मोठ्याने वाचलं. आबांनी खाकरून तोंड उघडलं, पण पहिल्यांदा त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"येऊ द्या," धुरपदाबाई म्हणाल्या. "एकटा मानूस शे." त्यांनी परात पुढे ओढली, दूध घेतलं आणि पिठाला हात घातला. "पन तो येई त्याच दिनले शिदोरी खुंटीले टांगी ठेवसू. दशमी चार दिन टिकस."