ग्रॅम्पोंचं शुद्ध स्पॅनिश रक्त

डॉक्टर हॅस्केल यांना पेशंट तपासायची गरजच पडत नाही. आडनाव वाचलं की झालं. आमचं अर्चुलेटा, म्हणजे हिस्पॅनिक, स्पॅनिशभाषक मुळाचे. ग्रॅम्पोंचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, हृदयाचे ठोके चुकायला लागले, तर यांनी रक्त पातळ करायची गोळी ‘हिस्पॅनिकांना लागते तेवढी’ लिहून दिली आणि मोकळे झाले. आता आमच्या एस्पान्योला गावात हिस्पॅनिक कोण नाही? शेजारची योलांडा क्युबाची, तिचे पूर्वज आफ्रिकेतले. डोंगरावरचा मेंढपाळ पेरूचा. सगळ्यांची गोळी जिरवणारी यकृतं जणू एकाच कारखान्यात बनलीत! शाळेत जीवशास्त्राच्या पहिल्या महिन्यात मला जे कळलं, ते या माणसाला इतकी वर्षं दवाखाना चालवून कळलेलं नाही.

व्हायचं तेच झालं. चुलत बहिणीच्या चर्चमधल्या कन्फर्मेशन विधीनंतरच्या जेवणात ग्रॅम्पोंच्या नाकातून रक्त आलं, ते थेट पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्श्याच्या, वाडग्यात.

“बाबा, डोकं मागे करा!” ऑर्लिंडा आत्या किंचाळली.

“मागे नाही आत्या, पुढे! नाक दाबा!” मी ओरडले. रक्त काही थांबेना.

हॉस्पिटलातली तरुण डॉक्टरीण मात्र स्पष्ट बोलली. गोळी यांच्या अंगात साठत चाललीय. तेवढीच चालू ठेवली तर उद्या मेंदूत रक्तस्राव, बंद केली तर गुठळी. काही जणांचं यकृत ही गोळी फार हळू जिरवतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की जनुकं कळतील आणि नेमका डोस ठरवता येईल.

ग्रॅम्पोंनी ओठ गच्च मिटले. त्याच मिटल्या ओठांच्या फटीतून म्हणाले, “माझं मूळ शोधायची कुणाला गरज नाही.”

तर हा होता घोळ. आमच्या खोऱ्यात प्रत्येक म्हातारा स्पेनच्या राजाच्या सैनिकाचा थेट वंशज. मेक्सिकन म्हटलेलं यांना खपत नाही. आणि नदीपलीकडच्या पुएब्लो वस्तीतल्या आदिवासींशी नातं काढलं, तर तेराव्या पिढीपर्यंत अबोला! वर ग्रॅम्पोंची गालफडं बघा. पुएब्लोतल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवले तर त्यांची स्वतःची मुलगी त्यांना शोधू शकणार नाही.

“ग्रॅम्पो, मेलात तर निदान शुद्ध मराल,” मी म्हटलं.

“तोंड सांभाळ, पोरी.”

“तुम्ही तुमचं उघडा आधी. ती काडी खापरपणजोबा विचारत नाही, यकृत कसं चालतं ते विचारते.”

“आणि त्यात पुएब्लोचं रक्त निघालं तर?” हे मात्र त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला क्षणभर कीव आली. फक्त क्षणभर.

“या हळू यकृताचा एक प्रकार युरोपात, स्पेनमध्येसुद्धा, पुष्कळांना असतो. मग घाबरता कशाला?”

हे खरंच होतं. यावरून बाकीच्या अंगाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हेही खरं होतं. पण ते मी कशाला सांगू? ग्रॅम्पोंनी असा आ वासला, जणू पाद्रीबाबा जिभेवर पवित्र भाकर ठेवायला उभे असावेत.

निकाल नेमका तोच आला. गोळी निम्म्याहून कमी झाली, नाक शांत झालं, आणि आमच्या डोक्याला नवा ताप. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दिसेल त्याला धरून, “माझं यकृतसुद्धा स्पेनचं, थेट कॅस्टिलचं!”

त्यांना मी पुन्हा हॅस्केलकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी निकाल वाचला, मान डोलावली.

“असं होय. मग यापुढे सगळ्या अर्चुलेटांना निम्मीच देतो.”

“बघ!” ग्रॅम्पो खूश. “शेवटी डॉक्टरांना आमचं खानदान कळलं!”

बाहेर बाकावर ग्रॅम्पोंचे चुलतभाऊ ओनेसिमो बसले होते. तेही अर्चुलेटाच, त्यांना हीच गोळी, आणि पूर्ण डोस छान मानवलेला.

“आडनावाला यकृत नसतं, डॉक्टर,” मी म्हटलं. “एकेकाचं तपासा.”

डॉक्टर हॅस्केल कौतुकाने हसले आणि ग्रॅम्पोंना म्हणाले, “चुणचुणीत आहे हो नात! हिस्पॅनिक मुली असतातच तशा.”