जाड भिंतीचे चार गुण

मुंगीला चारपैकी शून्य मिळालं, आणि तेही लाल शाईत, चांगलं भोपळ्याएवढं. शेजारी बाईंचा शेरा: ‘पाठांतर कच्चे. आकृती नीट पाहावी.’

मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळा माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून शाळेचे दिवस ती माझ्याकडेच राहते. अंगापेक्षा मोठं ओझं ओढत असते म्हणून मुंगी. कधी दप्तर, कधी पंख मोडलेलं कबूतर. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी पुढच्या वर्षी जीवशास्त्राचा वर्ग मिळायला हवा, आणि शाळेचा नियम असा की उजळणी परीक्षेत ज्याला जीवशास्त्रात साठ गुण, त्यालाच तो वर्ग. मुंगीला पडले होते सत्तावन्न.

‘‘सत्तावन्न आणि चार किती गं मावशी?’’

‘‘एकसष्ट. का?’’

‘‘काही नाही. ते चार माझे होते.’’

रडत नव्हती. रडली असती तर पाठीवरून हात फिरवून मी मोकळी झाले असते. पण मधल्या सुट्टीत पळत आलेली ती माझ्या कामाच्या टेबलावर, रबराच्या कातरणात, पेपर पसरून उभी होती, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्या घराण्यात राग तिथेच चढतो.

मी रबरी शिक्के करते. ‘मिळाले’, ‘रद्द’, ‘तातडीचे’, दुकानांची नावं, डॉक्टरांच्या पदव्या, सगळं हातानं, पातं घेऊन. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण झालं ते गिऱ्हाइकांच्या कागदांवर आणि आता मुंगीच्या पुस्तकांवर. ती पाठ करते, मी रबर कोरता कोरता ऐकते. तिनं ‘तंतुकणिका’ म्हटलं की माझ्या तोंडून आधी ‘ऊर्जा’ बाहेर पडतं, मग ती चिडते, ‘‘परीक्षा तुझी आहे का माझी?’’

तर, पेपर. प्रश्न सहावा: आकृतीतील हृदयाच्या चार कप्प्यांना नावे द्या. आकृती काढण्यात मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून या शाळेत प्रत्येक पेपरावर हृदयाचा शिक्का मारतात. जांभळ्या शाईत, तळहाताएवढा. शिक्का कुणी कापला होता कोण जाणे, पण हात बरा होता. रेघ कुठे तुटली नव्हती.

‘‘आता बघ,’’ मुंगी म्हणाली. ‘‘सगळ्या वर्गानं काय पाठ केलंय? चित्राची डावी बाजू म्हणजे शरीराची उजवी. समोरचा माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो ना, म्हणून.’’

‘‘बरोबर आहे की.’’

‘‘आहेच. पण या चित्रात जाड भिंतीचा कप्पा डावीकडे आलाय. म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर उजवं निलय लिहिलं. बाईंच्या नमुना उत्तरातही तेच. मी डावं निलय लिहिलं, आणि बाकीचे तीन कप्पे त्याच्यावरून.’’

‘‘का?’’

‘‘मी भिंत बघितली.’’ तिनं बोट ठेवलं. ‘‘डाव्या निलयाला सगळ्या अंगात रक्त ढकलायचं असतं, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. उजव्याला काय, शेजारच्या फुप्फुसात जाऊन यायचं. मग जाड भिंत कुणाला लागेल? चित्रच उलटं आहे मावशी. पुस्तकाशी ताडून बघ.’’

ताडलं. पुस्तकात जाड भिंत उजवीकडे, पेपरात डावीकडे. आरशात बघावं तसं. आणि खरी गंमत पुढेच होती. प्रश्न सातवा: डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का असते? मुंगीला तीनपैकी तीन. म्हणजे एकाच पानावर, एकाच बाईंनी, एकाच लाल पेनानं, जाड भिंत डाव्याची म्हटलं म्हणून तीन गुण दिले होते आणि चार कापले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पातं खाली ठेवलं, हात धुतले, चपला घातल्या.

‘‘भांडू नकोस हं,’’ मुंगी म्हणाली.

‘‘मी कशाला भांडते? विचारायला चाललेय.’’

‘‘तू विचारतेस तेव्हाच लोक घाबरतात.’’

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाई वह्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सारलेला. मला पाहून हसल्या.

‘‘या या, शिक्केवाल्या ताई! आज शाळेत कशा?’’

मी पेपर पुढे ठेवला. मुंगीनं सांगितलं तसंच सांगितलं, फक्त आवाज माझा होता.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि चित्र न बघताच म्हणाल्या, ‘‘ताई, बारा वर्षं हेच चित्र आहे. एकाही मुलाची तक्रार नाही.’’

‘‘आज आलीय ना.’’

‘‘वर्गात एकतीस मुलांनी बरोबर लिहिलंय. ही एकटीच शहाणी?’’

‘‘बाई, एकतीस जणांनी एकच गोष्ट पाठ केली म्हणजे एकतीस साक्षीदार झाले का? साक्षीदार एकच, बाकीचे तीस त्याचे पोपट.’’

मुंगीनं माझा पदर ओढला.

‘‘परीक्षेत फार डोकं चालवायचं नसतं बाळ,’’ बाई तिला म्हणाल्या. तशा प्रेमानंच म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं. ‘‘दहा दिवसांवर शेवटची परीक्षा आलीय. पाठ केलेलं लिहायचं आणि उठायचं.’’

‘‘आणि हा सातवा प्रश्न?’’ मी विचारलं. ‘‘इथे जाड भिंत डाव्याची, चार बोटं वर उजव्याची. मधल्या जागेत ऑपरेशन झालं की काय तिचं?’’

आता मात्र बाईंनी चित्र बघितलं. मग सातवा प्रश्न. मग पुन्हा चित्र. मानेवर हात गेला. टेबलाचा खण उघडला आणि शिक्का काढून माझ्यासमोर आपटला.

‘‘हा बघा. चित्र मी काढत नाही. जो शिक्का दिला तो मी मारते.’’

मी शिक्का उचलला. लाकडी मूठ, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. अंगठा आपोआप मुठीच्या एका बाजूला गेला आणि तिथल्या खाचेत बसला. वरची बाजू कोणती ते अंधारातही कळावं म्हणून मी प्रत्येक मुठीला तशी खाच पाडते. गावात दुसरं कुणी पाडत नाही.

उलटा करून रबर बघितलं. रबरावरचं हृदय अगदी पुस्तकातल्यासारखं, जाड भिंत उजवीकडे. म्हणून कागदावर डावीकडे.

आपलेच दात, आपलेच ओठ. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या शिपायानं पुस्तकाचं एक पान आणून दिलं होतं, ‘एवढं कापून द्या’ म्हणून. शिक्का म्हणजे सगळं उलटं कोरायचं, हे मला झोपेतसुद्धा कळतं. अक्षर सरळ कापलं तर वाचताच येत नाही, चूक लगेच बोंबलते. पण त्या पानावर चित्राखाली लिहिलं होतं, ‘चित्रातील डावी बाजू ही शरीराची उजवी बाजू आहे.’ मी ते तीनदा वाचलं होतं, अजून आठवतं. आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, यांनी आधीच उलटं करून दिलंय, आता परत उलटवलं तर सरळ होईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी ते आहे तसं कोरलं.

कुणाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर सातवी शिकलेली बाई हृदय कापायला बसलीय हे त्यांना कळलं असतं.

‘‘बाई,’’ मी म्हटलं, ‘‘हा शिक्का मी केलाय. चूक माझी आहे.’’

मुंगी माझ्याकडे बघायला लागली. तिचे कान पुन्हा लाल.

बाईंचा चेहरा मात्र उजळला. ‘‘बघा! म्हणजे चूक तुमची. आणि जाब मला विचारायला आलात!’’

‘‘माझी आहेच. मी ती कागदावर लिहून देते, सही करते, हवा तर माझाच शिक्का मारते. पण बाई, मी एकदा चुकले. तुम्ही बारा वर्षं, दर परीक्षेला, त्या पुस्तकाशेजारी हा शिक्का मारलात. मी सातवी. तुम्ही?’’

हे बोलायला नको होतं. बोलल्यावर कळलं. बाईंचे ओठ पांढरे झाले, आणि मला दिसलं की त्यांनाही कुणाला विचारायची चोरी झाली असणार कधीतरी.

‘‘मोठ्या बाईंकडे चला,’’ त्या उठल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक मागवलं, चित्रं शेजारी शेजारी ठेवली. तेवढ्यात आमचं काम झालंच असं मला वाटलं.

‘‘मुलीचं उत्तर बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण नमुना उत्तर बदललं तर एकतीस मुलांचे चार चार गुण कापावे लागतील. पालक दारात उभे राहतील. त्यापेक्षा असं करू, तिला चार गुण देऊन टाकू. एकसष्ट होतील. जीवशास्त्राच्या यादीत नाव घालू. ठीक?’’

मी सुटकेचा श्वास सोडला. मुंगीनंही. मोठ्या बाईंनी यादी ओढली, मुंगीच्या नावापुढे सत्तावन्न होते, त्याच्यापुढे अधिक चार लिहिलं आणि कंसात एक शब्द लिहिला. मला उलटं वाचायची सवय. टेबलाच्या या बाजूनंही मला स्वच्छ दिसला.

कृपागुण.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘पद्धत आहे ताई. परीक्षेनंतर वाढवलेले गुण त्याच नावानं नोंदवतात. दुसरा रकानाच नाही.’’

‘‘कृपा कुणी केली? कुणावर?’’

‘‘शब्दाला काय धरून बसता? पोरीचं काम झालं ना?’’

झालं होतं. हेच तर होतं. मी मुंगीकडे बघितलं. तिच्यासाठी आले होते, तिनं मान हलवली असती तर गिळून घरी गेले असते. मी पुष्कळ गिळलंय. मुंगीनं मान हलवली नाही.

‘‘मोठ्या बाई,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही मला चार गुण द्याल आणि वर्गात सगळे म्हणतील, मावशीनं भांडून आणले. मग मी पुढच्या वर्षी वर्गात काही विचारलं की म्हणतील, ही कृपेवर आलेली.’’

‘‘कोण म्हणतं असं?’’

‘‘यादी फळ्यावर लागते ना. त्यात लिहिलेलं असतं.’’

विज्ञानाच्या बाई खिडकीकडे बघत होत्या.

‘‘एकतीस जणांना चुकीच्या उत्तराचे चार मिळाले,’’ मी म्हटलं, ‘‘त्यांच्यापुढे कृपा लिहा. ती खरी कृपा. हिच्यापुढे बरोबर लिहा. रकाना नसेल तर मी बसते इथे, तुम्ही आखा. पट्टी आहे माझ्याकडे.’’

पट्टी खरंच होती, कमरेला खोचलेली. मोठ्या बाईंना हसू आलं नाही, मलाही नाही.

शेवटी बोलल्या त्या विज्ञानाच्या बाई. खिडकीकडे बघतच. ‘‘खोडा मोठ्या बाई. ‘तपासणीत चूक, उत्तर बरोबर’ असं लिहा. तपासणी माझी होती. मी सही करते.’’

‘‘आणि बाकीचे एकतीस?’’

‘‘त्यांचे राहू द्या. त्यांना मीच तसं शिकवलं.’’

मोठ्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि शब्दावर रेघ मारली. बाईंनी सही केली. मी माझा कागद लिहून दिला, ‘हृदयाचा शिक्का मी चुकीचा कोरला आहे’, आणि खाली सही केली. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं, आणि अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं. शिक्का मी परत मागितला. मोठ्या बाई म्हणाल्या, ठेवून घ्या, आता आम्हाला नको.

निघताना मुंगी दारात थांबली.

‘‘बाई, मग त्यांना आजच सांगाल ना? शेवटच्या परीक्षेत पुस्तकातलं सरळ चित्र आलं, तर ते जागा बघून बरोबर लिहितील. पण कुणी नुसती भिंत दाखवून विचारलं, तर सगळे चुकतील.’’

बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. ‘‘तुझा तास कोणता आहे आता?’’

‘‘तुमचाच.’’

‘‘मग चल.’’

मी जिन्यात थांबले. जायला हवं होतं, दुकान उघडं टाकून आले होते, पण पाय निघेना. वर्गाचं दार उघडंच होतं. आधी बाकं सरकल्याचा आवाज, मग बाईंचा, घसा साफ करून.

‘‘मुलांनो, हृदयाचं पान काढा.’’

एकतीस गळ्यांतून एकदम कण्हणं आलं.

‘‘बाई, हृदय झालंय!’’

‘‘बाई, पाठ आहे आम्हाला!’’

‘‘बाई, विचारा हवं तर! चित्राची डावी म्हणजे शरीराची –’’

‘‘माहीत आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते बाजूला ठेवा. आज डावं-उजवं कुणी म्हणायचं नाही. आधी मला सांगा, कोणती भिंत जाड दिसते, आणि का.’’

पुस्तकांची पानं सरसर उलटल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.