कोटाचं माप

"मागे वळ," ह्यांनी काचेआडून ओरडून सांगितलं. "आता पुढे बघ."

पायरीवर उभे असलेले ड्रायव्हरभाऊजी नव्या कोटात गोल फिरले. भाऊजी आधी फिरले, कोट मागाहून आला.

हे म्हणजे माझा नवरा, चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला. भाऊजी त्यांचे शाळेपासूनचे मित्र. जन्मभर बस चालवली, आता पुढच्या आठवड्यात निवृत्त व्हायचे होते. निरोपाच्या कार्यक्रमासाठी हा कोट. माप मात्र वहीतलं, जुनं. कारण गेल्या दीड वर्षात ह्यांनी कोणाच्याही अंगाला टेप लावली नव्हती. ती बंदी माझी.

ह्यांच्या पोटात माझी किडनी आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मग काय, मी दुकानाला काच बसवली. गिऱ्हाइकांनी जुना कपडा खिडकीतल्या टोपलीत टाकायचा, त्याच्या मापाने हे नवा शिवणार. कोणी शिंकलं तर मी अशी बघायचे की माणूस दोन पायऱ्या खाली उतरायचा.

"किडनी दिलीस की मला कोंडून ठेवायचा परवाना घेतलास?" हे विचारायचे.

"माझी वस्तू आहे, मी सांभाळणार," मी सुनावायचे.

"वहिनी, शिंप्याचा हात गेला बघा!" भाऊजी बाहेरून हसले.

हे हसले नाहीत. "चार इंच सैल. माझा कोट चार इंच कधी चुकलाय का? रात्री काय खातोस रे तू?"

"चहा, बिस्किटं. एकट्यासाठी कोण गॅस पेटवत बसतं?"

बायको गेल्यापासून सहा वर्षं भाऊजी रात्री आमच्याकडेच जेवायचे. मी दार बंद केलं तेव्हा एका शब्दाने बोलले नाहीत. रोज संध्याकाळी जाड जाकीट घालून पायरीवर यायचे, काचेतून हात हलवून जायचे. त्या जाकिटाच्या आत माणूस निम्मा झाला, आणि मला पत्ताही नव्हता. एकाला जपताना मी दुसऱ्याला वाळवलं होतं.

मी तिथल्या तिथे दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला.

"अहो, सुरुवातीचे महिने तसे कडकच होते," ती म्हणाली. "पण आता त्यांचे रिपोर्ट चांगले आहेत. गर्दी टाळा, आजारी माणूस टाळा, हात धुवा. जवळ जायचं तर दोघांनीही मास्क लावा. जेवायला उघड्यावर, अंतर ठेवून बसा. माणसंच टाळा, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. भीती माझी होती आणि नाव मी डॉक्टरांचं पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना अंगणात उभं केलं. तोंडावर मास्क, हात दोनदा धुतलेले.

"सर्दी? खोकला? ताप?" मी विचारलं.

"तुमच्यासमोर खोकायची हिंमत आहे का कोणाची, वहिनी?"

हे मास्क लावून बाहेर आले. त्यांनी भाऊजींच्या छातीभोवती टेप घेतली आणि थांबले. भाऊजींचा चेहरा लालबुंद झाला होता.

"श्वास का रोखलास?"

भाऊजींनी तोंड बाजूला वळवलं. "तुझ्या अंगावर नको यायला."

"घे श्वास, गाढवा," हे म्हणाले. "चांगला भरून घे. मला खरं माप पाहिजे."

भाऊजींची छाती वर आली. टेप तिच्याबरोबर सरकली.

"छत्तीस."

मी वहीत छत्तीस लिहिलं. "पण जास्तीचं कापड कापू नका हं," मी म्हणाले. "आत दुमडून ठेवा. भाऊजी आजपासून रात्री इथे अंगणात जेवणार आहेत. दोन महिन्यांत उसवावं लागेल."

ह्यांनी मान हलवली, भाऊजींच्या अंगात कोट चढवला, खडू घेतला आणि मित्राच्या पाठीवर हात सपाट ठेवून सावकाश रेघ ओढली.