हिरवी खिडकी

रेवदंड्याच्या येसाजी गवंड्याने पेपरात वाचलं, की पुढेमागे माणूस अंतराळात शेवाळाच्या जोरावर श्वास घेणार. डॉक्टरने हात टेकलेच होते. येसाजीने दमेकरी बायकोच्या उशाशी खिडकीत शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या बरण्या चिणल्या.

“तू सोडलेला श्वास हे खातं, आन् तुला ताजी हवा देतं.”

“व्हय, म्हणून मी वाळतेय नि ह्यानं बाळसं धरलंय!” आवडा हसली, आणि खोकली.

दिवाळीआधीच ती गेली. मयताच्या घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. शेजारणींनी हंडे-कळशांबरोबर बरण्याही अंगणात ओतल्या. येसाजी स्मशानातून परतला.

“घाण व्हती भावजी, टाकली.”

“बरं केलंत,” तो म्हणाला. मग हिरव्या ओघळापाशी ओणवा झाला आणि ते शेवाळ उपाशी राहू नये म्हणून त्यावर श्वास सोडत राहिला.