शेपूट येईपर्यंत

कप्तानाने डावा हात सोडून रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं आणि लिफ्टकाकांनी मुकाट्याने मोटरसायकल बाजूला घेतली. आज नेमकं आपल्या वाट्याला हे यायला नको होतं, असं त्यांच्या मनात आलं. पण क्लबचा नियम म्हणजे नियम. रस्त्याला फाटा फुटला की कप्तानाच्या मागच्याने तिथे थांबायचं, येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचं आणि सगळ्यात शेवटचा गडी, ज्याला सगळे शेपूट म्हणत, तो आला की मगच हलायचं.

काकांनी एका कचेरीच्या इमारतीत एकतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. जन्मभर लोकांना वर नेलं आणि आपण राहिलो तिथल्या तिथे, असं तेच हसत हसत सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटरसायकल घेतली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला होता. त्याला सात वर्षं झाली. आता डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, की नजर कडेकडेने आक्रसत चालली आहे. एवढा महिना, दिवसाउजेडी, अगदी जपून, मग गाडी बंद. उद्या सकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. आजची फेरी शेवटची, आणि ती नेमकी डोंगरापलीकडच्या धरणापर्यंत होती. काहीना काही निमित्त होऊन ते धरण सात वर्षांत त्यांच्या नशिबी आलं नव्हतं.

इतक्यात गाड्या यायला लागल्या.

काका नेहमी रांगेच्या मधोमध असत; आज शेवटची फेरी म्हणून कप्तानाने त्यांना पहिल्यांदाच आपल्या मागे घेतलं होतं. समोरच्याचा लाल दिवा आणि त्याची पाठ, यापलीकडे त्यांनी क्लब असा कधी पाहिलाच नव्हता. आज अख्खी रांग समोर होती. खालच्या ओढ्यापासून पिकल्या गव्हाच्या शेतांमधून थेट त्यांच्या पायापर्यंत, एकामागे एक सव्वीस गाड्या. बेकरीवाला आला, दोघी बहिणी आल्या, पोट टाकीवर टेकवून बसणारा वकील आला. वळताना प्रत्येकाने त्यांच्याकडे बघून हात उचलला. पायाखालची जमीन थरथरत होती आणि काकांच्या अंगावर काटा उभा राहिला. हे एवढं देखणं असतं, आणि आपण सात वर्षं त्यात होतो! त्यांचा विश्वासच बसेना. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत, कारण एक हात वळण दाखवण्यात गुंतला होता आणि दुसरा हँडलवर होता.

सव्विसावी गाडी गेली आणि सगळं शांत झालं. रुग्णालयातली सिस्टर आणि तिच्यामागचा पंपवाला, म्हणजे शेपूट, दोघे आलेच नाहीत.

अर्धा तास गेला, तास गेला. फोनला रेंज नव्हती. फाट्यावरच्या पाटीचा नुसता खांब उरला होता, आणि सरळ जाणारा रस्ता बंद पडलेल्या खाणीकडे उतरत होता. दीड तासाने कप्तान परत आला. हा दातांचा डॉक्टर, स्वभावाने घाईचा पण मनाने चांगला. बाकीचे धरणावर डबे सोडून बसले होते; उशीर झाला तर पलीकडच्या रस्त्याने आपापले घरी परता, असं तो त्यांना सांगून आला होता.

"काका, तुम्ही निघा. मी मागे जाऊन बघतो त्यांना."

"तुम्ही मागे गेलात आणि ते दुसऱ्याच वाटेने इथे आले तर?"

"अहो, पण तुमचं धरण राहील. आज शेवटचा दिवस ना तुमचा?"

"म्हणून तर," काका म्हणाले. "एकतीस वर्षांत कुणाला मधल्या मजल्यावर सोडलं नाही मी. आज सोडू?"

 पाण्याची बाटली त्यांच्या हातात देऊन कप्तान सकाळच्या वाटेने खाली ओढ्याकडे गेला.

काका उभे राहिले. आता बघायला भरपूर वेळ होता. वारा आला की टेकडीपासून ओढ्यापर्यंत गहू एकदम वाकत होता आणि पुन्हा उठत होता. एवढा मोठा देखावा आणि बघणारे आपण एकटे, या विचाराने त्यांना थोडं संकोचल्यासारखं झालं. धरणाचं पाणी केवढं असेल, हेही मनात येऊन गेलंच. खोटं कशाला बोला? वाईट वाटत होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेतातल्या बैलगाडीच्या वाटेने दोन धुळकट गाड्या वर आल्या. सिस्टरच्या गाडीची चेन तुटली होती. पंपवाल्याने ती एका वस्तीवर जोडून घेतली, आणि वस्तीवरच्या लोकांनी जवळची म्हणून ही आडवाट दाखवली. कप्तानाची आणि त्यांची चुकामूक झाली ती त्यामुळेच.

"कुठे निघालो काही कळत नव्हतं हो," सिस्टर हेल्मेट काढत म्हणाली. "मग लांबून तुमचं नारिंगी जाकीट दिसलं आणि जिवात जीव आला."

"मी इथेच होतो," काका म्हणाले.

थोड्या वेळाने कप्तानही रिकाम्या हाताने परतला आणि तिघांना एकत्र बघून गाडीवरच बसून राहिला. मग त्याने सूर्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. तो काय विचारणार ते काकांना कळलं. धरण करून परतायचं तर अंधार पडला असता, आणि अंधारात काकांना चालवता येणार नव्हतं.

"घरी जाऊ," काकांनीच सांगितलं.

पंपवाल्याने हात उचलला. शेपूट आलं, आता तुम्ही मोकळे, अशी ती खूण. काका गाडीवर बसले आणि सवयीप्रमाणे कप्तान पुढे निघायची वाट बघत थांबले. कप्तानाने गाडी मागे ढकलली.

"पुढे तुम्ही," तो म्हणाला.

काकांनी गिअर टाकला. समोर कुणाचाही लाल दिवा नव्हता, नुसता रस्ता होता. घर येईपर्यंत काटा चाळिसाच्या वर गेला नाही, आणि मागच्या तिघांपैकी कुणीही त्यांच्या पुढे गेलं नाही.