पेन की टॅबलेट

गुरुवारच्या घशाच्या ऑपरेशननंतर कंपाउंडरचा आवाज कायमचा जाणार होता, आणि त्याच्या बायकोला चार वर्षांपासून दिसत नव्हतं. त्याने लिहायचं आणि यंत्राने तिला वाचून दाखवायचं, एवढीच वाट उरली होती. म्हणून सोमवारी दोघं दुकानात गेली.

दुकानदाराने दोन वस्तू काढल्या. एक जाडसर पेन होतं. त्याच्या खास वहीत लिहिलं की ते मोबाइलवर उमटायचं. दुसरा टॅबलेट, काचेवर लिहायचा.

कंपाउंडरने वहीत लिहिलं, 'चहा घेतेस का?' मोबाइल बोलला, "वहा घेतल का."

"काका, अक्षर जरा सुटं काढा," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात जन्म गेला," कंपाउंडरने घोगऱ्या आवाजात सांगितलं, "वाण नाही पण गुण लागला."

बायको हसली. "यांचं अक्षर मला एकटीलाच लागायचं."

मग त्याने काचेवर एकेक अक्षर कोरलं. टॅबलेटने ते बिनचूक वाचलं. बायकोने चमकून मान वळवली.

"ही कोण बाई?"

"यंत्र आहे गं. मीच लिहिलं."

"मघाशी पेनाच्या वेळीही हीच बोलली?"

"दोन्हीत हीच, काकू," दुकानदार म्हणाला.

"मग कुठलंही घ्या."

त्याने टॅबलेट घेतला. बाहेर येताच तिने त्याचा दंड घट्ट धरला. "गुरुवारपर्यंत बोलत राहा हो. काहीही बोला."

जन्मभर बडबडलेला तो माणूस तिला घेऊन पायरीपाशी आला.

"पुढे पायरी आहे," एवढंच तो म्हणाला.