दाबून धरलंय

खापर फोडायचं एकदा ठरवलं की बाबांना डोकं आपोआप सापडायचं. या खेपेला ते मिस्त्रीचं होतं. बाबांच्या जुन्या मोटारीला वर्षानुवर्षं त्याच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. त्यानं क्लच तपासून "चालेल अजून" म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात गाडी फाटकापाशी पुढे उडाली. फाटक उघडायला आई उतरली होती. ती मध्ये सापडली आणि जागीच गेली.

"गाडी गिअरमध्ये होती, पण पाय क्लचवर होता माझा, तळापर्यंत," बाबा येईल त्याला सांगायचे. "क्लचनं दगा दिला." भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना त्यांनी मिस्त्रीला खुनी म्हटलं. मिस्त्री मान खाली घालून निघून गेला. मग गिऱ्हाइकं तुटली आणि त्याच्या गॅरेजला कुलूप लागलं.

आता बाबा हट्टाला पेटले होते. पेडलचा दाब तेलामार्फत क्लचपर्यंत नेणारे वरचा आणि खालचा, दोन्ही सिलेंडर नवे घालायचे, गाडी मिस्त्रीच्या दारात न्यायची आणि गिअर टाकून, क्लच दाबून उभी करून दाखवायची. "बघ म्हणावं, क्लच धड असला की गाडी कशी मुकाट उभी राहते!" दुसरा मेकॅनिक त्यांना चालेना, म्हणून काम लेकीच्या गळ्यात पडलं. लहानपणापासून मिस्त्रीला पाने देता देता ती शिकली होती. जुने सिलेंडर खोलले तेव्हा आतलं रबर झिजलेलं होतं, पण फाटलेलं नव्हतं. तिनं ते पुसून डब्यात टाकलं. बायको गमावलेल्या माणसाशी रबरावरून कोण हुज्जत घालणार?

सिलेंडर बदलले की पाइपातली हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याचं नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, ढिला करायचा. बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत उतरतं. निपल आवळून झाला की मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर गेलेलं परत आत. खालच्याला पेडल दिसत नाही, म्हणून वरच्यानं ओरडून सांगायचं आणि खालच्यानं विश्वास ठेवायचा.

"दाबा, बाबा."

"दाबलं!"

तिनं पाना फिरवला. तेल फसफसत नळीत आलं, थांबलं, आणि ती निपल आवळायच्या आत उलटं वर चढलं.

"सोडलंत का?"

"छे! दाबून धरलंय."

पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच. "नवा मालही भिकार," बाबा वरून करवादले. "हल्ली धड काय मिळतं?" तिचीही चिडचिड झाली होती. पुढच्या खेपेला तिनं निपल तसाच उघडा ठेवला आणि सरपटत बाहेर येऊन दारातून आत डोकावली.

बाबा ताठ बसले होते, नजर समोर काचेतून बाहेर, मांडी ताणलेली. डावं पाऊल मात्र पेडलवरून घसरून बाजूला पडलं होतं आणि चप्पल कधीच निघाली होती.

"दाबून धरलंय गं," ते समोर बघतच म्हणाले. "तू तुझं काम कर."

बाबांची साखर वाढलीय, पावलांना मुंग्या येतात, असं आई म्हणायची आणि बाबा उडवून लावायचे. तिनं वाकून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला करकचून चिमटा काढला. बाबांची पापणीसुद्धा हलली नाही.

"बाबा, खाली बघा."

त्यांनी पाहिलं. मग हातानं पाऊल उचलून पेडलवर ठेवलं आणि दाबलं. मान वर केली, थोड्या वेळानं पुन्हा खाली घातली. पाऊल परत घसरलं होतं.

आईला तुम्ही मारलंत आणि त्या माणसाला देशोधडीला लावलंत, असं किंचाळून सांगावंसं तिला वाटलं. त्याच वेळी ते उघडं पाऊल पदराखाली झाकावंसंही वाटलं. तिनं चप्पल उचलून त्यांच्या पावलात घातली.

"मी तुझ्या आईकडे बघत होतो," बाबा म्हणाले. "पायाकडे कशाला बघू?" आणि दाराला धरून खाली उतरत म्हणाले, "मिस्त्रीकडे चल. चालत जाऊ."

मिस्त्रीनं दार उघडलं आणि गडबडीनं खुर्ची पुढे ओढली. तो निम्मा झाला होता. बाबांनी तोंड उघडायच्या आत तोच बोलू लागला. "काका, बरं झालं आलात. तो सिलेंडर मी खोलून बघायला हवा होता. नुसता वरवर बघितला. माझ्याच हातून काकू गेल्या."

तेवढ्यावर बाबा परत फिरले असते तर कुणाला कळलं नसतं, एका लेकीशिवाय. तिला क्षणभर भीती वाटली की ते फिरतीलच.

"क्लच चांगला होता रे," बाबा म्हणाले. "माझा पाय सुटला. मला कळलंच नाही. पावलात जीवच नाही माझ्या." "तुझी काही चूक नव्हती."

मिस्त्रीनं त्यांचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

"तुमचं मन मोठं आहे, काका," तो म्हणाला. "माझ्यासाठी स्वतःवर घेताय. पण चूक कुणाची ते मला माहीत आहे ना."